परदेश प्रवासात मोबाईलचा खर्च आटोक्यात कसा ठेवावा?

रोम, लूर्द आणि फातिमा येथे जाणारे यात्रेकरूंचे गट, आखातात किंवा युरोपात मुलांकडे महिनाभर राहावयास जाणारे आईवडील आणि उच्च शिक्षणासाठी प्रथमच परदेशी निघालेले विद्यार्थी, या सर्वांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो: तेथे मोबाईल वापरावा की बंद ठेवावा? घरच्यासारखाच फोन वापरल्यास परत आल्यावर अवाच्या सव्वा बिल हाती पडू शकते. उलटपक्षी, भीतीपोटी फोन पूर्णपणे बंद ठेवला तर गर्दीत गटापासून चुकामूक झालेल्या वृद्ध यात्रेकरूचा शोध घेणे कठीण होते आणि घरी काही विपरीत घडल्यास निरोपही पोहोचत नाही. निघण्यापूर्वी थोडी माहिती घेतल्यास या दोन्ही गोष्टी टाळता येतात.

खर्च नेमका कोठे होतो?

आपले भारतीय सिम परदेशात तेथील एखाद्या कंपनीच्या नेटवर्कवर चालते. यालाच रोमिंग म्हणतात. ती कंपनी आपल्या भारतीय कंपनीकडून पैसे घेते आणि भारतीय कंपनी ते आपल्याकडून वसूल करते. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे, परदेशात आलेला कॉल घेतल्यासही पैसे पडतात. वसईहून फोन करणाऱ्या नातेवाइकाला आपण कोठे आहोत हे ठाऊक नसते. त्याला भारतातील दराप्रमाणेच पैसे पडतात, पुढचा परदेशापर्यंतचा खर्च मात्र कॉल घेणाऱ्याच्या माथी येतो.

दुसरी गोष्ट, सर्वांत मोठा खर्च बहुधा इंटरनेटचा असतो आणि तो आपल्या नकळत होतो. फोन खिशात असतानाही छायाचित्रांची साठवण, अ‍ॅपची अद्ययावतता आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील व्हिडिओ आपोआप उतरणे चालूच असते.

तिसरी गोष्ट, विमानात आणि समुद्रातील जहाजांवर उपग्रहाद्वारे चालणारे स्वतंत्र नेटवर्क असते. त्याचे दर फार चढे असतात व साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा धरलेले नसतात. म्हणून विमानात चढताच एअरप्लेन मोड चालू करावा.

चार पर्याय

१. भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक: आठ-दहा दिवसांच्या यात्रेसाठी आणि तांत्रिक बाबींची सवय नसलेल्यांसाठी हा सर्वांत सोपा मार्ग होय. आपला क्रमांक तोच राहतो. पॅक भारतातूनच घ्यावा आणि प्रवासातील प्रत्येक देशाचे नाव त्याच्या यादीत आहे का, हे स्वतः तपासावे.

२. त्या देशातील सिम: एकाच देशात महिनाभर राहणाऱ्यांना हे बहुधा स्वस्त पडते. सिम घेताना सामान्यतः पासपोर्ट दाखवावा लागतो. विमानतळावरील दुकानापेक्षा शहरातील दुकानात दर कमी असण्याचा संभव असतो.

३. ई-सिम: यात कार्ड नसते. क्यूआर कोड स्कॅन केला की फोनमध्ये दुसरी जोडणी तयार होते. आयफोनमध्ये ही सोय २०१८ च्या एक्सएस मॉडेलपासून आली. आपल्या फोनवर *#०६# दाबून पाहावे. तेथे ईआयडी हा क्रमांक दिसल्यास फोनमध्ये ही सोय असते. प्रवासी ई-सिमवर बहुधा केवळ इंटरनेट मिळते, साधा कॉल करता येत नाही. अमेरिकेतील नातेवाइकाने पाठविलेला फोन तेथील कंपनीशी बांधलेला असू शकतो. तसे असल्यास दुसरे सिम वा ई-सिम त्यात चालणार नाही.

४. केवळ वाय-फाय: हॉटेलात दिवसातून दोनदा घरी बोलणे एवढीच गरज असेल तर हेही पुरेसे आहे. सार्वजनिक वाय-फायवर बँकेचे व्यवहार मात्र करू नयेत.

युरोपातील सीमा

युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून रोमिंगचे वेगळे शुल्क रद्द झाले. एका सदस्य देशाचे सिम इतर सदस्य देशांत घरच्याच दराने चालते. २०२२ साली या नियमाला २०३२ पर्यंत मुदतवाढ देण्यात आली. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन या देशांनाही तो लागू आहे. म्हणजे रोममध्ये घेतलेले इटलीचे सिम लूर्द आणि फातिमा येथेही वापरता येते. व्हॅटिकन हे स्वतंत्र राष्ट्र असले तरी सेंट पीटर्स चौकात इटलीचेच नेटवर्क मिळते. तथापि काही योजनांत देशाबाहेर वापरावयाच्या इंटरनेटची मर्यादा कमी असते. सिम घेताना ती विचारून घ्यावी.

खरी गफलत होते ती संघाबाहेरील देशांत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. इटलीहून फ्रान्सला जाणाऱ्या अनेक सहलींची बस मात्र त्याच देशातून जाते. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यामुळे तेथेही हा नियम बंधनकारक राहिलेला नाही. मेजुगोर्ये हे बोस्निया-हर्झेगोविना या देशात आहे. यात्रेकरू पुष्कळदा क्रोएशियातील स्प्लिट येथे उतरून बसने तेथे जातात. क्रोएशिया २०१३ पासून संघाचा सदस्य आहे. बोस्निया सदस्य नाही. सीमा ओलांडताच तेच सिम वेगळ्या दराने चालू लागते. अशा ठिकाणी योजनेत त्या देशाचे नाव नसेल तर डेटा रोमिंग बंद ठेवावे.

पवित्र भूमी आणि आखात

पवित्र भूमीच्या यात्रेत बहुधा जॉर्डन, इस्रायल आणि इजिप्त असे तीन देश येतात व तिन्हींचे दर निरनिराळे असतात. तेव्हा तिन्ही देशांचा समावेश असलेली एकच योजना घेणे सोयीचे. जेरुसलेमहून बेथलेहेमला गेल्यावर फोन पॅलेस्टिनी कंपनीचे नेटवर्क पकडू शकतो. योजनेत पॅलेस्टाईनचा समावेश आहे का, हे अवश्य विचारावे.

संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पोहोचतात. परंतु त्यावरील ध्वनी व व्हिडिओ कॉलवर निर्बंध आहेत. दुबईला जाणाऱ्या आईवडिलांनी घरच्यांशी कोणत्या मार्गाने बोलावयाचे, हे मुलांकडून आधीच समजून घ्यावे.

भारतीय क्रमांक चालू ठेवा

स्वस्त परदेशी सिम मिळाले म्हणून भारतीय सिम काढून कपाटात ठेवणे हिताचे नाही. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. भारतीय कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या संदेशांना साधारणतः पैसे आकारत नाहीत. आपल्या कंपनीकडून खात्री करून घ्यावी. दोन सिमच्या फोनमध्ये इंटरनेटसाठी परदेशी सिम निवडावे आणि भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद ठेवावे. प्रवासाच्या काळात रिचार्जची मुदत संपणार नाही, याचीही काळजी घ्यावी. सिम बदलले तरी व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच क्रमांकावर चालू राहते. क्रमांक बदलावा का, असे त्याने विचारल्यास नकार द्यावा.

निघण्यापूर्वी

• भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे. परदेशात पोहोचल्यावर ते सुरू करणे त्रासाचे ठरते.
• सर्व क्रमांक +९१ लावून साठवावेत. शून्याची कळ दाबून धरली की अधिकचे चिन्ह उमटते.
• ##००२# दाबून कॉल फॉरवर्डिंग रद्द करावे. अन्यथा न उचललेल्या कॉलचेही पैसे लागू शकतात.
• व्हॉट्सअ‍ॅपवरील छायाचित्रे व व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करावे.
• शहरांचे नकाशे घरच्या वाय-फायवर उतरवून घ्यावेत.
• यात्रेच्या आयोजकांनी गटातील किमान दोघांकडे पूर्ण वेळ इंटरनेट राहील अशी व्यवस्था करावी. त्यांच्या हॉटस्पॉटवरून इतरांनाही गरजेपुरते बोलता येते.
• युरोपीय संघात ११२ हा आपत्कालीन क्रमांक विनामूल्य आहे. तो सर्वांना पाठ असावा.

शेवटी, फोनची बॅटरी संपू शकते किंवा फोन चोरीस जाऊ शकतो. म्हणून ज्येष्ठ यात्रेकरूंच्या खिशात हॉटेलचा पत्ता आणि गटप्रमुखाचा क्रमांक लिहिलेला कागद असू द्यावा. त्याला ना रिचार्ज लागतो, ना नेटवर्क.