मोतीबिंदूची गोष्ट आणि पडद्याची गोष्ट

आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्दहून पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेस गेले की नारायणगाव लागते. तेथील मोहन ठुसे नेत्र रुग्णालयाच्या कार्यासाठी ओळखले जाणारे डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली. आडनाव आणि कार्य यांचा असा मेळ कादंबरीत आला असता तर आपण तो ओढूनताणून आणलेला म्हटला असता! नेत्रशिबिरांनी ग्रामीण महाराष्ट्राला अंधत्वाची एक सुफळ संपूर्ण कहाणी दिली आहे. मोतीबिंदू पिकतो, शस्त्रक्रिया होते, पट्टी सुटते, नातवंडांचे चेहरे दिसू लागतात.

डोळ्याच्या पडद्याची, म्हणजेच दृष्टिपटलाची, कहाणी अशी नाही. मधुमेहात पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, पुढे नव्या नाजूक वाहिन्या फुटतात व त्यांतून रक्तस्राव होतो. तरीही बराच काळ डोळा दुखत नाही, अनेकदा दृष्टीही मंदावत नाही. उपचार यशस्वी झाला तर रुग्णाच्या लेखी काहीच घडलेले नसते. न घडलेली गोष्ट सिद्ध कशी करायची, हाच या रोगांवरील संशोधनाच्या इतिहासाचा गाभा आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम पडदा दिसणे आवश्यक होते. १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाच्या डोळ्यात आत पाहण्याचे साधन दाखवले. नोव्होट्नी व आल्विस या दोन अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंडातून फ्लुरेसीन हे रंगद्रव्य टोचून पडद्यातील रक्तप्रवाहाची छायाचित्रे घेतली. त्यांचा १९६१ चा निबंध नेत्रवैद्यकाच्या नव्हे, तर रक्ताभिसरणाच्या नियतकालिकात छापून आला. उपचाराचा उगम त्याहून विलक्षण आहे. ग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे आपल्याकडे घरोघर सांगितले जाते. १९४५ च्या सूर्यग्रहणात पडदा भाजलेला रुग्ण पाहून जर्मन नेत्रवैद्य मायर-श्विकराथ यांच्या मनात आले की, जो प्रकाश जाळतो त्यानेच नेमके डागून उपचार का करू नयेत? प्रारंभी त्यांनी आरशांनी सूर्यप्रकाशच डोळ्यात सोडला. पुढे झेनॉन दिवा आला आणि नंतर लेसर.

पण डागल्याने खरोखर लाभ होतो काय? अमेरिकेत १९७२ पासून १,७०० हून अधिक मधुमेही रुग्णांवर याची परीक्षा झाली. प्रत्येकाचा एक डोळा चिठ्ठी टाकावी तसा निवडून त्यावर उपचार केला, दुसरा तसाच ठेवला. दोन वर्षांत उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी १६.३ टक्के डोळ्यांची दृष्टी जवळजवळ गेली, तर उपचार केलेल्यांपैकी ६.४ टक्क्यांची. १९७६ साली हे निष्कर्ष हाती येताच नियम बदलून, ज्यांना धोका अधिक होता अशा वगळलेल्या डोळ्यांवरही उपचार करण्याची मुभा दिली गेली. एकाच माणसाचे दोन डोळे परस्परांचे साक्षीदार झाले. त्यांतील काही साक्षींचे मोल मात्र गेलेल्या दृष्टीने चुकते झाले. हे ज्ञान फुकट मिळालेले नाही.

पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा आणखी एक थर असतो. उतारवयात तेथून नव्या वाहिन्या पडद्याखाली शिरून मध्यदृष्टी नासवतात. त्यावर डोळ्यात टोचायचे रॅनिबिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००६ साली मान्य झाले. मूळ कर्करोगासाठीचे, पुष्कळच स्वस्त पडणारे बेव्हॅसिझुमॅब सारख्याच वेळापत्रकाने दिल्यास दृष्टीच्या बाबतीत तितकेच उपयोगी ठरते, हे २०११ च्या तुलनात्मक अभ्यासाने दाखवले. पुन:पुन्हा इंजेक्शने घ्यावी लागणाऱ्या रुग्णास किमतीतील हा फरक उपचार चालू राहणे वा सुटणे यांतला फरक ठरू शकतो.

आम्ही साहित्याचे अध्यापक. वर्गात अंधत्वाविषयी बोलताना आम्हीही काळोख आणि उजेड या दोन टोकांतच बोलत आलो. पट्टी सुटण्याचा क्षण कथेला सोयीचा असतो, दरवर्षीची तपासणी नसते. म्हणूनच मधुमेह असलेली घरची वडीलधारी माणसे ‘दिसतंय की सगळं, मग डोळे कशाला दाखवायचे?’ असे विचारतात, तेव्हा आमच्यापाशी सांगण्याजोगी गोष्ट नसते. ती इथे आहे: त्या वगळलेल्या डोळ्यांनाही आरंभी दिसतच होते.