अपक्ष उमेदवार

‘उमेदवार’ फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. ती बाळगणारा तो उमेदवार. पक्की नोकरी लागेल या आशेवर कचेरीत किंवा कारखान्यात बिनपगारी राबून काम शिकणाराही उमेदवारच. ‘उमेदवारीचा काळ’ आपण अजून म्हणतो. निवडणुकीतला अर्थ त्याच्याच पोटातला.

‘अपक्ष’ संस्कृत घडणीचा. पक्ष म्हणजे आधी पंख, मग बाजू, मग राजकीय पक्ष. म्हणजे अपक्ष अक्षरशः बिनपंखाचा, आणि नियमही त्याला सोपे नाहीत. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. चिन्ह मोकळ्या यादीतून मिळते, तेही निवडणूक तोंडावर आल्यावर. ते पंधरवड्यात गावोगाव पोहोचवायचे, ही खरी दमछाक! तरी १९९५ साली महाराष्ट्र विधानसभेत ४५ अपक्ष निवडून आले, आणि २०२४ मध्ये सांगलीचे विशाल पाटील लिफाफा हे चिन्ह घेऊन लोकसभेत पोहोचले.

निवडून आल्यावर अपक्षाने एखाद्या पक्षात प्रवेश केला, तर पक्षांतरबंदी कायद्याने त्याचे सदस्यत्व जाते. मला हे रास्त वाटते. मतदारांनी कौल दिलेला असतो तो त्याच्या एकट्याच्या नावाला.