बॉनेटखालचा जपान

१९८५ साली मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने एक नवी गाडी आणली. ११८ एनई. दिसायला चौकोनी, सरळमार्गी, एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्याबाहेर उभी शोभावी अशी. तिचा सांगाडा इटलीच्या फियाट १२४चा, म्हणजे मूळ १९६६ सालचा. इंजिन मात्र इटलीचं नव्हतं. नावातल्या ‘एनई’चा अर्थच मुळी ‘निसान इंजिन’. बॉनेट उघडलं की आत निसानचं ११७१ सीसीचं ए-१२ इंजिन बसलेलं असायचं.

या इंजिनाचा मायदेशातला पराक्रम ती गाडी चालवणाऱ्या डॉक्टरसाहेबांना बहुधा ठाऊक नसावा. हेच इंजिन १९७०च्या डॅटसन सनीत होतं, आणि त्या सनी फुजीच्या ट्रॅकवर शर्यतीत धावायच्या. तिथल्या ट्यूनर मंडळींनी त्याचा बोअर वाढवला, हेड घासून-पुसून नव्यासारखं केलं, मोठे कार्ब्युरेटर लावले आणि १३०० सीसीच्या आत राहून त्यातून दीडशेहून जास्त बीएचपी काढले. आरपीएमचा काटा दहा हजारांच्या आसपास जायचा. आपल्याकडे त्याच घराण्याचं इंजिन पन्नासेक बीएचपीवर शांतपणे ऑफिस ते घर करत राहिलं.

भारतातल्या जपानी स्पोर्ट्स कारचा इतिहास हा असा आहे. स्कायलाइन, सुप्रा, आरएक्स-७ आपल्याला भेटल्या त्या पोस्टरवर आणि सायबर कॅफेतल्या ‘नीड फॉर स्पीड’मध्ये. रस्त्यावर आली ती जपानी इंजिनं, घरगुती गाड्यांच्या पोटात लपून. ती ओळखून बाहेर काढली गॅरेजवाल्यांनी. म्हणून आपली कहाणी शोरूमपेक्षा गॅरेजमध्ये जास्त घडली, आणि तिची फारशी नोंद कुणी ठेवली नाही.

जपाननेही आधी चोरूनच केलं

‘जेडीएम’ म्हटलं की आज इन्स्टाग्रामवर निऑन दिवे आणि रात्रीचे टोकियोचे हायवे दिसतात. प्रत्यक्षात जपानमध्येही गाडीत बदल करणं बराच काळ कायद्याच्या बाहेरचंच काम होतं. तिथे ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या गाडीला पहिली तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. कंपनीने दिलेल्या गाडीत फरक दिसला की गाडी नापास.

तरीही १९७३ साली फुजी पर्वताच्या पायथ्याशी एचकेएस नावाची कंपनी सुरू झाली आणि वर्षभरात तिने टर्बो किट विकायला काढलं. १९८१ साली ‘ऑप्शन’ हे मॉडिफिकेशनला वाहिलेलं मासिक निघालं. १९८३ साली ज्या प्रदर्शनाची सुरुवात झाली, ते आज टोकियो ऑटो सलोन म्हणून जगभर ओळखलं जातं. घाटात टोयोटाची एई-८६ आडवी घसरवत चालवणारा केइची त्सुचिया ‘ड्रिफ्ट किंग’ झाला. १९८९पासून जपानी कंपन्यांनी आपापसांत ठरवून टाकलं की कागदावर कुठलीही गाडी २८० पीएसच्या वर दाखवायची नाही. हा अलिखित करार २००४पर्यंत चालला. कंपनीने जिथे हात आखडता घेतला, तिथून ट्यूनरचं काम सुरू व्हायचं.

मग १९९५ साली जपान सरकारने नियम सैल केले. काही ठरावीक भाग बदलले तर वेगळी परवानगी नको. मोठे बदल केले तर गाडी तपासून घ्या आणि तशी नोंद करा. रात्री लपूनछपून चालणारा उद्योग दिवसा, बिल फाडून चालू लागला.

मारुती नावाचा खेळण्यांचा डबा

आपल्याकडे १४ डिसेंबर १९८३ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली. सुझुकीचं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं इंजिन. पाठोपाठ १९८५ला जिप्सी, १९९०ला मारुती १०००, १९९३ला झेन आणि १९९४ला एस्टीम. त्या काळात परदेशातून स्पोर्ट्स कार आणायची तर जकातच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. पुढे २००१च्या नियमांनी जुनी गाडी आयात करायची झाली तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, अशी अट घातली. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ज्या जपानी गाड्यांवर आमची पिढी जीव टाकते, त्यांचा सरळ रस्ता तिथेच बंद झाला.

पण सुझुकीने नकळत एक गोष्ट देऊन ठेवली होती. झेनचं ९९३ सीसीचं आणि एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन एकाच ‘जी’ घराण्यातलं. दोघांची ठेवण सारखी, बरेचसे भाग एकमेकांना लागणारे. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की झेनसारख्या हलक्या गाडीत एस्टीमचं इंजिन बसवलं तर? पन्नास बीएचपीच्या जागी पासष्ट, पुढे सोळा व्हॉल्व्हचं एस्टीमचं इंजिन आल्यावर पंच्याऐंशी. आठशे किलोच्या आतबाहेरच्या गाडीला एवढी ताकद म्हणजे सिग्नलवर शेजारच्या मोठ्या गाडीला लाज आणणारी. जिप्सीलाही १९९६मध्ये कंपनीनेच १३०० सीसी इंजिन दिलं. त्यापुढे जाऊन रॅलीवाल्यांनी परदेशातल्या स्विफ्ट जीटीआयचं शंभर बीएचपीचं ट्विन-कॅम इंजिन मिळवून त्यात घातलं.

मुंबईचा कुर्ला, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट. भंगार बाजारांच्या या तीन नावांवर अशा गाड्यांचं सगळं अर्थकारण चालायचं. नागपूरसारख्या मधल्या शहराला माल यायचा तो ट्रान्सपोर्टच्या ट्रकमधून, पोत्यात बांधून. सोबत वायरिंगचा नकाशा नसायचा. मिस्त्रीने एकेक वायर टेस्टर लावून ओळखायची, माउंट बसत नसेल तर लेथवरून करून आणायचा, आणि पहिल्यांदा स्टार्टर मारताना गॅरेजमधल्या पोट्ट्यांना लांब उभं राहायला सांगायचं.

सिटी व्हीटेक

२०००च्या सुमारास होंडा सिटीला १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन मिळालं आणि पहिल्यांदाच मध्यमवर्गाला परवडेल अशा (निदान सेकंडहँड तरी परवडेल अशा) गाडीत १०६ बीएचपी आले. बाहेरून तीच साधी सेडान. आतली गंमत समजून घेण्यासारखी आहे.

इंजिनातले व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ, हे कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर ठरतं. लहान उंचवटा ठेवला तर गाडी ट्रॅफिकमध्ये गुण्यागोविंदाने चालते, पण वरच्या आरपीएमला तिचा दम कोंडतो. मोठा ठेवला तर वर पळते, पण खाली घरघर करते आणि पेट्रोल पिते. होंडाने १९८९ साली इंटेग्रापासून दोन्ही प्रकारचे उंचवटे एकाच शाफ्टवर ठेवले. ठरावीक आरपीएमनंतर ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते आणि इंजिन मोठ्या उंचवट्यावर चालू लागतं. सिटीत ही सोय फक्त हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हपुरती होती, तरी काटा वर जाताना आवाज बदलायचा. तो बदललेला आवाज ऐकण्यासाठी लोकांनी गाड्या घेतल्या.

२००३ला नवी सिटी आली ती ७७ बीएचपीची. मायलेज वाढलं, जागा वाढली, आणि जुन्या व्हीटेकची किंमत शौकिनांच्या मनात एकदम चढली.

पंचेचाळीस अंशांवर

इंटरनेटवर वाचून गाडी करणाऱ्यांची नागपुरात पहिली फजिती होते ती मे महिन्यात. इथला पारा ४५च्या वर जातो. २०१३मध्ये तर ४७ ओलांडून गेला. हवा तापली की विरळ होते. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेत साधारण नऊ टक्के कमी ऑक्सिजन असतो, म्हणजे तेवढं कमी पेट्रोल जळणार आणि तेवढी ताकद कमी. जपानी मासिकातला आकडा सीताबर्डीत दुपारी दोन वाजता लागू होत नाही.

म्हणूनच इथे उघडा शंकूसारखा एअर फिल्टर लावणं हा बहुतेकदा उलटा सौदा. आवाज भारी येतो, पण तो बॉनेटखालची भाजलेली हवा ओढतो. जाणता मिस्त्री पाइप खाली, बंपरच्या मागे नेतो, जिथे निदान बाहेरची हवा मिळते. शिवाय आपलं साधं पेट्रोल बराच काळ ९१ किंवा त्याहूनही कमी ऑक्टेनचं होतं, तर जपानमधलं चांगलं पेट्रोल ९८-१००. कमी ऑक्टेन आणि तापलेली हवा एकत्र आली की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल स्वतःच पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि दुर्लक्ष केलं तर पिस्टनला भोक पडतं. कार्ब्युरेटरच्या काळात मिस्त्री कान लावून डिस्ट्रिब्युटर अर्धा केस फिरवायचा. ते त्याचं ट्यूनिंग.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे पुढचा टप्पा मला घरचा वाटतो. फ्युएल इंजेक्शन आल्यावर तो कान ईसीयूच्या आत गेला. आतमध्ये एक तक्ता असतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत ठिणगी कधी टाकायची याचा आकडा. रिमॅप म्हणजे हे आकडे बदलणं. लॅपटॉप जोडून तासाभरात होतं. पण दुसऱ्या हवामानातल्या गाडीची फाइल जशीच्या तशी चढवणं म्हणजे टेस्ट न करता कोड थेट प्रॉडक्शनला टाकणं. आमच्याकडे त्यात सर्व्हर पडतो. इथे इंजिन फुटतं. मिस्त्रीच्या कानात जे होतं, ते सेन्सरचा लॉग वाचून परत मिळवावं लागतं.

आरसी बुकात न बसणारी गाडी

आता अडचणीचा भाग. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यातलं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे आणि २०००च्या दुरुस्तीने ते कडक झालं. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. ही दुरुस्ती संसदेत मांडणारे रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी नागपूरचेच खासदार. सीएनजी किट किंवा रंगबदल आरटीओच्या परवानगीने आरसीवर चढवता येतात. मोठं इंजिन, बदललेलं सस्पेन्शन यांना तशी सरळ वाट नाही.

कायद्यामागचं कारण खोटं नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. रात्री हॉस्पिटलसमोरून फटाके फोडत जाणाऱ्या सायलेन्सरची बाजू कुणीही घेऊ नये. आणि शौकिनांनी एक हिशेब स्वतःशी मांडावा. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ८०वरून १२०वर गेलात की ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. डिसेंबर २०२२मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला आणि या शहराला १२०ची मर्यादा असलेला रस्ता मिळाला. ज्या झेनमध्ये एस्टीमचं इंजिन आहे पण ब्रेक आणि टायर झेनचेच आहेत, ती तिथे नेणं हा शौक नव्हे, जुगार आहे.

नेमकी इथेच आपल्या नियमांची उणीव दिसते. आधी डिस्क, पॅड, टायर, मग सस्पेन्शन आणि शेवटी इंजिन, असा शहाणा क्रम पाळणारा आणि नुसतं सायलेन्सर कापणारा, दोघं कागदावर एकसारखे गुन्हेगार. मग शहाणाही तपासणीपासून लपतो. वेल्डिंग नीट झालंय का, ब्रेक पुरेसे आहेत का, हे बघणारा त्रयस्थ डोळाच उरत नाही. जपानने १९९५मध्ये तपासणी कायम ठेवून दार उघडलं. आपल्याकडे आता स्वयंचलित तपासणी केंद्रं उभी राहत आहेत, ब्रेकची ताकद मोजणारी रोलर यंत्रं तिथे आहेत. बदललेली गाडी तिथे न्या, पास झाली तर नोंद करा, नापास झाली तर घरी पाठवा, ही मागणी अवाजवी नाही.

आणि हे लवकर व्हायला हवं. २००१ची सिटी व्हीटेक पंधरा वर्षांची होऊन बराच काळ लोटला. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, तिचं शुल्क २०२२मध्ये ६००वरून ५,००० रुपये झालं, वर पर्यावरण कर. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलंय, ज्यासाठी त्या गाड्यांचे रबरी पाइप आणि ट्यूनिंग केलेलंच नव्हतं. एकेक गाडी भंगारात जातेय, कुणाचं इंजिन वेगळं विकलं जातंय. ती सगळी जपणं शक्य नाही आणि गरजेचंही नाही.

जपायचं आहे ते ज्ञान. ए-१२पासून व्हीटेकपर्यंतची इंजिनं नागपूरच्या उन्हात कशी वागली, कुठल्या गाडीला कुठला माउंट बसला, किती ऑक्टेनवर किती ठिणगी सोसली, हे सगळं साठीला टेकलेल्या मिस्त्रींच्या डोक्यात आहे. जपानमध्ये तेच मासिकांच्या अंकांत आणि कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये छापलेलं मिळतं. तुमच्या ओळखीत असा मिस्त्री असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला मोबाइलचा रेकॉर्डर सुरू करा, त्यांची परवानगी घ्या, आणि फक्त विचारा, की काका, तुम्ही पहिलं इंजिन कधी बदललं? पुढचे दोन तास ते बोलतील.