पोपचा हुकूम आणि सशाचं मटण : एका खोट्या संदर्भाची गोष्ट



चिकनऐवजी सशाचं मटण कसं लागतं, असं विचारलं की खाल्लेले लोक सांगतात, चिकनसारखंच, फक्त थोडं कोरडं. ते खरंही आहे. कोंबडीच्या कातडीखाली चरबी असते, ती शिजताना मांस ओलं ठेवते. ससा मात्र कातडी काढूनच शिजवतात आणि मांसात चरबी फार कमी. म्हणून युरोपात त्याचा मंद आचेवर रस्सा करतात. माल्टामध्ये तो वाइन आणि लसूण घालून शिजतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या पारंपरिक पाएयात तर कोंबडी आणि ससा एकाच कढईत असतात.

मग कोंबडी असताना माणसाने ससा पाळला कशाला? याचं एक झकास उत्तर तुम्हाला पुस्तकांत, लेखांत सगळीकडे मिळेल. ते असं : ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोक चाळीस दिवस मांस वर्ज्य करतात, आपल्याकडे बरेचजण श्रावण पाळतात तसं. इ.स. 600 मध्ये पोप ग्रेगरीने हुकूम काढला की सशाची नवजात पिल्लं मांसात मोडत नाहीत, ती उपवासाला चालतील. झालं, फ्रान्समधल्या मठवासीयांनी ससे पाळायला सुरुवात केली आणि ससा माणसाळला.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी ही गोष्ट पहिल्याच स्लाइडवर टाकली होती. सन होता, नाव होतं, खाली तीन-तीन संदर्भ होते. समितीतल्या एका सरांनी एवढंच विचारलं, "हा हुकूम तुम्ही पाहिलाय का?" मी गप्प. तिन्ही संदर्भ उघडून बघितले तर ते एकमेकांकडेच बोट दाखवत होते.

नंतर मला 2018 चा एक पेपर सापडला. इव्हान अर्व्हिंग-पीस, ग्रेगर लार्सन आणि सहकाऱ्यांनी तो 'ट्रेंड्स इन इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या जर्नलमध्ये लिहिलाय. त्यांनी या गोष्टीचा माग काढला, तेव्हा असा हुकूम कुठेच मिळाला नाही. मिळाला तो दुसराच ग्रेगरी!

हा टूर्सचा बिशप ग्रेगरी. त्याने फ्रँक लोकांचा इतिहास लिहिला. त्यात रोक्कोलेनस नावाचा एक सरदार येतो. तो टूर्सच्या लोकांना त्रास देतो, काविळीने आजारी पडतो, उपवासाच्या दिवसांतही सशाची पिल्लं खातो आणि मरतो. बस्स, एवढंच. परवानगी नाही, मठ नाही, पाळलेले ससे नाहीत. उलट लिहिण्याचा सूर असा, की बघा, पापी माणसाचं काय झालं! नावाच्या साम्यामुळे बिशपचा पोप झाला आणि निषेधाची परवानगी झाली. साधी तारीख ताडली असती तरी शंका आली असती. हा बिशप 594 च्या सुमारास वारला, म्हणजे 600 साली तो नव्हताच. त्या साली पदावर होता तो पोप ग्रेगरी.

बरं, पिल्लं खायची पद्धत तरी तेव्हा नवी होती का? तीही नाही. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने या पिल्लांच्या पदार्थाचं नाव दिलंय : लॉरिसेस. बॅलिअरिक बेटांवर सशांनी पिकं फस्त केली, तेव्हा लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्य मागितलं, हेही तोच सांगतो. त्याच्याही आधी, इ.स.पूर्व पहिल्या शतकात, व्हॅरोने भिंत घालून ससे ठेवायच्या आवारांचं वर्णन केलंय. पुढे मध्ययुगात युरोपभर सशांची राखीव कुरणं होती. म्हणजे शिकार, आवार, कुरण, खुराडं अशा पायऱ्यांनी हे शेकडो वर्षं चाललं. पाळीव झाल्याची एक तारीख सांगता येईल अशी ही घटनाच नाही.

आता विज्ञानवाल्यांनी इथे जरा थांबा. जनुकांवरून काढलेली तारीख तरी 600 ला जुळते का? या पेपरमधल्या गणिताने रानटी आणि पाळीव ससे वेगळे झाल्याचा काळ सुमारे 12 ते 18 हजार वर्षांपूर्वीचा आला. तेव्हा कोणी ससे पाळत नव्हतं! हिमयुग ओसरताना ससे स्पेनकडून फ्रान्सकडे पसरले, त्या काळाशी ही तारीख जुळते. म्हणजे मोजलं गेलं ते सशांच्या दोन समूहांचं वेगळं होणं. ते माणसाळणंच आहे असं धरून चालणं ही वेगळी चूक. पोपची सुबक तारीख डोक्यात असली की अशा आकड्याला ओढूनताणून तिच्याजवळ आणायचा मोह होतो. खोट्या संदर्भाचं खरं नुकसान ते हेच.

अजून एक सापळा आपल्या भाषेतला. मराठीत 'ससा' म्हणताना आपण दोन वेगळे प्राणी एकत्र करतो. आपल्या माळरानावरचा ससा बिळात राहत नाही, त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. युरोपात पाळला गेला तो बिळातला, ज्याची पिल्लं उघडी-आंधळी जन्मतात. माळरानावरचा ससा मारणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. त्यामुळे सिनॉप्सिसमध्ये नुसतं 'ससा' लिहू नका, शास्त्रीय नाव द्या.

तर सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. एखादी गोष्ट फार गोड वाटली, सन आणि नावासकट जुळून आली, तर तिचा मूळ कागद शोधा. दहा लेखांनी सांगितलं म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही, दहाही जण एकाचंच सांगत असू शकतात. आणि मूळ कागद नाहीच मिळाला, तर ते वाक्य काढून टाका. मी माझी पहिली स्लाइड काढली. त्या जागी आता सरांचा तो प्रश्न आहे.