जवारी आणि डिस्टॉर्शन : एका ‘विकृती’चा इतिहास

‘विकृती’ हा शब्द मराठीत बहुधा निंदेनेच उच्चारला जातो. ध्वनिशास्त्रात मात्र त्याचा अर्थ तटस्थ आहे : आत गेलेला नाद जसाच्या तसा बाहेर आला नाही, म्हणजे विकृती झाली. मेटल संगीतातील गिटारवादकाच्या पायाशी असणारे डिस्टॉर्शन पेडल हेच काम करते, आणि हेतुपुरस्सर करते. या संगीताला ‘गोंगाट’ म्हणून निकालात काढण्याची आपली सवय जुनी आहे. तिचा पुनर्विचार व्हावा असे आम्हांला वाटते. कारण हा प्रश्न अखेर आपल्याच नादपरंपरेपाशी येऊन पोहोचतो.

या इतिहासाचा आरंभ बिघाडांतून झाला. १९५८ साली लिंक रे या अमेरिकी वादकाला ‘रंबल’ या रचनेसाठी हवा तसा खरखरीत नाद मिळेना, तेव्हा त्याने पेन्सिलीने स्पीकरच्या पडद्याला भोके पाडली. पुढे नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोंट वरी’ या गीताच्या ध्वनिमुद्रणात यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांचे वादन फाटक्या आवाजात उमटले. गीत १९६१ मध्ये त्या आवाजासकट प्रसिद्ध झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड पुन्हा घडवता येईल असे मंडल रचले आणि गिब्सन कंपनीने १९६२ साली ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आणले. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक नव्हते. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजले आणि मागणी एकाएकी वाढली.

पेडलाचे कार्य समजण्यास कठीण नाही. तारेचा क्षीण विद्युत्‌संकेत आत कित्येक पटींनी वाढवला जातो. मग डायोड त्याच्या लहरींचे माथे छाटून टाकतात. छाटलेल्या लहरीत मूळ स्वराचे अनेक नवे उपस्वर जन्माला येतात, आणि मंद होत जाणारा स्वरही दीर्घकाळ तितकाच जोरकस राहतो. वाढ जितकी अधिक, तितकी छाटणी अधिक. बॉस कंपनीचे ‘एचएम-२’ (१९८३) आणि ‘मेटल झोन’ (१९९१) ही पेडले याच दिशेची. पहिल्याचे सर्व खटके शेवटपर्यंत फिरवून स्वीडनच्या एन्टूम्ड या वृंदाने १९९० साली प्रसिद्ध झालेले ‘लेफ्ट हँड पाथ’ ध्वनिमुद्रित केले. त्याचे उत्पादन १९९१ मध्ये थांबले. पण त्या नादाची ओढ इतकी टिकली की २०२१ साली कंपनीला ते नव्या रूपात पुन्हा काढावे लागले.

आता आपल्या मिरजेकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब तंतुवाद्यांच्या निर्मितीकडे वळले, आणि पुढच्या पिढ्यांनी तंबोऱ्यासाठी मिरजेचे नाव देशभर केले. तंबोऱ्याचा प्राण जवारीत असतो. घोडीचा पृष्ठभाग किंचित वक्र घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर असा बिंदू शोधतो की तार घोडीला ओझरती स्पर्शत राहावी. कानस जरा अधिक फिरली तर नाद बसतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले, की तार जिथे छेडली तिथे निस्पंद बिंदू असणारे उपस्वर नियमानुसार उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही उमटतात. घोडी स्वराला ‘शुद्ध’ राहू देत नाही, म्हणूनच तो समृद्ध होतो.

दोन्ही प्रक्रिया एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. एकीत तारेचा घोडीशी स्पर्श आहे, दुसरीत विजेची छाटणी. परंतु परिणामातील एक साम्य विचार करण्याजोगे आहे. डिस्टॉर्शनमधून अनेक स्वर एकत्र छेडले तर नाद गढूळ होतो. म्हणून मेटल वादक मुख्यतः षड्ज आणि पंचम यांवर विसंबतो. तंबोऱ्याची सर्वपरिचित जुळणीही षड्ज-पंचमाचीच आहे. उपस्वरांनी दाट झालेल्या नादाला हाच संवाद सर्वाधिक मानवतो.

मग गोंगाट कोणता, हे ठरवायचे कोणी? धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ साली सुरू झालेली जॅझ यात्रा भरे, तसाच १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला आणि रंगभवन मुके झाले. रुग्णाला शांतता हवीच, त्याविषयी वाद नाही. पण डिमॉनिक रिसरेक्शन (२०००) आणि भयानक मौत (२००३) हे मुंबईचे वृंद उभे राहत असतानाच शहराने आपला हक्काचा खुला रंगमंच गमावला, हेही इतिहासात नोंदले पाहिजे.

आमच्या देवणीकडे लग्नानंतर गोंधळ घातला जातो. संबळाच्या कडकडाटात तुणतुण्याची एकच तार चामड्याच्या तळावर झणझणत राहते. तिला कोणी सुस्वर म्हणत नाही, आणि तिच्यावाचून गोंधळ उभाही राहत नाही. ज्या कानांना ही झणझण देवीच्या दारात पवित्र वाटते, त्यांनी पेडलाच्या घरघरीला न ऐकताच विकृत ठरवू नये. ऐकून नापसंत करणे हा रसिकाचा अधिकार आहे. न ऐकता दिलेला निर्णय समीक्षा ठरत नाही.