सिंदफणेकाठची माती आणि परदेशी गांडूळ

निजामाच्या अमलात मराठवाड्यातील जमिनीची प्रत ठरवून तिच्यावर सारा बसविला जाई. परंतु ती प्रत ज्याच्या अहोरात्र खपण्याने टिके, त्या गांडुळाला महसुली दप्तरात स्थान नव्हते. बालाघाटच्या डोंगरांतून निघून शिरूर कासारवरून गोदावरीकडे जाणाऱ्या सिंदफणेच्या खोऱ्यात, नदीकाठच्या काळ्या जमिनीपासून माळावरच्या मुरमाड रानापर्यंत, कस राखण्याचा जुना व्यवहार साधा होता : गोठ्यातील शेण, मूत्र आणि जनावरांनी टाकलेला कडबा उकिरड्यात कुजे, आणि मृगापूर्वी ते खत गाडीने शेतात पडे. उन्हाळाभर खोल मातीत, स्वतःच्याच श्लेष्माने लिंपलेल्या पोकळीत वेटोळे करून निपचित पडलेले देशी गांडूळ पावसाची ओल पोचताच वर येई, खताचा अंश मातीसह गिळी आणि बांधाच्या कडेला मण्यांच्या राशीसारखी विष्ठा टाकून जाई.

या उपेक्षित जीवाची थोरवी डार्विनने १८८१ साली ग्रंथरूपाने सांगितली. हिंदुस्थानातील गांडुळांचे सविस्तर वर्णन स्टीफन्सन यांनी १९२३ साली प्रसिद्ध केले. तोवर रोपांच्या मुळांशी चिकटलेल्या मातीतून दक्षिण अमेरिकेतील पाँटोस्कोलेक्ससारखी गांडुळे उष्ण कटिबंधातील देशोदेशी पसरू लागली होती; आज पश्चिम घाटातील मळ्यांत आणि बागांत ती मुरलेली आहेत.

अशा पाहुण्यांचे आगमन सर्वत्र कल्याणकारी ठरते असे नाही. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या ओसरल्यानंतर उत्तर अमेरिकेतील जी अरण्ये गांडुळांवाचून वाढली, तेथे पालापाचोळ्याचा जाड थर बुरशीच्या साहाय्याने सावकाश कुजे आणि नत्र-स्फुरद झाडांना बेताबेताने मिळे. युरोपीय वसाहतवाल्यांच्या रोपांबरोबर आणि जहाजांत भारासाठी भरलेल्या मातीबरोबर आलेली, पुढे मासेमारांनी उरलेले आमिष म्हणून तळ्याकाठी टाकलेली गांडुळे या थरावर तुटून पडली. काही वर्षांतच तो थर नाहीसा झाला, मोकळी झालेली पोषकद्रव्ये पुष्कळ अंशी पावसाबरोबर वाहून गेली, आणि मेपलची कोवळी रोपे व रानफुले विरळ झाली.

आपल्याकडे आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकेतील युड्रिलस ही परदेशी गांडुळे आली ती खत करण्यासाठी. शेणाच्या वाफ्यात, गोणपाटाच्या ओल्या सावलीत ती उत्तम काम करतात. परंतु ती कुजणाऱ्या थरात वावरणारी, खोल बिळे न करणारी असल्यामुळे मराठवाड्याच्या उन्हात तापलेल्या, भेगाळलेल्या रानात सोडली तर सहसा टिकत नाहीत.

येथील मातीची खरी उणीव गांडुळाची नसून त्याच्या अन्नाची आहे. डोंगरउतारावरील पाचोळा चराईत आणि वणव्यात जातो; मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर बैलजोडीसह ऊसतोडीला निघतात, तेव्हा त्या बैलांचे निम्म्या वर्षाचे शेणही परमुलखात पडते, आणि घरचा उकिरडा रिता राहतो. म्हणून गांडूळखत अवश्य करावे, पण परदेशी गांडुळे वाफ्यातच ठेवावीत, डोंगराच्या झाडीत टाकू नयेत. बांधावर गिरिपुष्पाची झाडे लावावीत आणि पाचोळा न जाळता जमिनीवरच राहू द्यावा. अन्न आणि ओल लाभली, तर देशी गांडूळ आपले काम विनासायास करील.