कोकण किनारा : पायवाटा व सायकलमार्ग

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत किनाऱ्यालगत गेलेला सुमारे ५०० किमी.चा सागरी मार्ग व त्याला मिळणाऱ्या जुन्या पायवाटा. खास सायकलींसाठी आखलेला हा मार्ग नव्हे. तरी मुंबई-गोवा महामार्गापेक्षा वर्दळ बरीच कमी असल्याने सायकलस्वार हाच पसंत करतात. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, हर्णे, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण व वेंगुर्ले ही वाटेवरची प्रमुख गावे.

खाड्या हे या वाटेचे खरे वैशिष्ट्य. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे व तवसाळ-जयगड येथे सायकलीसह फेरीबोटीने पलीकडे जाता येते. किनाऱ्याची वाट म्हणून ती सपाट समजू नये. खाडीच्या काठावरून रस्ता जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो आणि पुढच्या वाडीत, नारळी-पोफळीच्या बागांत, उतरतो. अशी चढ-उतार दिवसभर चालते व दमवते.

चालणाऱ्यांसाठी गावोगावच्या पाखाड्या, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या पायवाटा, आजही उत्तम आहेत. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग सर्वांत विलक्षण: कड्यातील अरुंद पायऱ्या उतरून लाटांनी कोरलेल्या खडकांवरून चालावे लागते. तो ओहोटीलाच करावा. भरतीच्या वेळी तेथील लाटा जीवघेण्या ठरतात. राजापूर तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर हत्तीचे भव्य कातळशिल्प आहे. त्यासाठी वाट वाकडी करणे योग्यच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास सोयीचा.